बाहेर आलेल्यांची यादी

गोदामाला आग लागली होती. गोदामाच्याच वरच्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये ती एकटीच कॉम्प्युटरसमोर थांबली होती, कारण कोण बाहेर पडलं आणि कोण आत राहिलं हे दाखवणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. तिचा नवरा खाली त्याच गोदामात कामाला होता.

फोनवर अग्निशमन दलाचे अधिकारी घाई करत होते. "मॅडम, सगळे बाहेर आलेत ना? आम्हाला दारं लावून आग विझवणारा गॅस सोडायचाय. मग आत कुणी असलं तर वाचणार नाही."

"एक मिनिट साहेब, बघते."

बाहेर आलेल्यांच्या यादीत तिने नवऱ्याचं नाव शोधलं. यादीच्या शेवटाकडे ते दिसलं आणि तिच्या जिवात जीव आला. "हो, बाकी सगळे आलेत, मीही निघतेच," असं ती म्हणणार, तोच त्याखाली तिला स्वतःचं नाव दिसलं.

काय घोटाळा झाला ते तिला कळलं. एकूण माणसं मोजायला सकाळीच तिने प्रोग्रॅममध्ये आतल्यांचा आणि बाहेरच्यांचा असे जावास्क्रिप्टमधले दोन ॲरे, म्हणजे दोन याद्या, जोडायची सूचना घातली होती. कॉन्कॅट वापरलं असतं तर तिसरी, वेगळी यादी झाली असती आणि मूळच्या दोन्ही तशाच राहिल्या असत्या. घाईत तिने पुश वापरलं होतं. आत असलेल्यांची सगळी नावं बाहेर आलेल्यांच्या यादीला शेवटी जाऊन चिकटली होती.

ती फोनमध्ये जिवाच्या आकांताने ओरडली,


"साहेब, थांबा! यादीत मी बाहेर आहे आणि मी तर इथे आत बसलेय. म्हणजे हेही आतच आहेत!"