शहाऐंशी नंबरचे मास्तर

"हा कोण खडूस मास्तर?" पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत प्रबंधाचं परिशिष्ट उघडून बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं. वृंदाच्या गाइड मॅडमनी कपाळाला हात लावला.

त्यांनी तिला बजावलं होतं. एकशे एकोणीस निवृत्त शिक्षकांनी प्रश्नावलीत मुकाट्यानं खुणा केल्या होत्या. शहाऐंशी नंबरच्या मास्तरांनी मात्र उत्तरं न देता लाल शाईनं प्रश्नच तपासले होते. 'सातवा आणि एकविसावा प्रश्न एकच. झोपेत काढलेस का?' खाली गुण, शंभरपैकी चौतीस. "फाडून टाक, दुसऱ्या कुणाकडून भरून घे," मॅडम म्हणाल्या होत्या. पण तोवर मास्तरांचं, म्हणजे वृंदाच्या वडिलांचं, अण्णांचं, तेरावं झालं होतं. त्यांच्या लाल अक्षराचा तेवढाच कागद घरात उरला होता. तो तिनं गुपचूप परिशिष्टात घातला. आता त्याच्यापायी पदवी अडायची चिन्हं होती.

परीक्षकांनी पानं उलटली. "अहो, सातवा आणि एकविसावा खरंच एकच आहे की! मॅडम, तुम्ही काय तपासलंत?" मॅडमना एकाएकी चहाची आठवण झाली. "पण चौतीस? एक गुण द्यायला मास्तरांच्या बापाचं काय जात होतं? कोण हे?"

"नाव गुप्त ठेवावं लागतं, सर," वृंदा म्हणाली. "पण ग्रेस मार्क मागितला असता, तर त्यांनी आणखी दोन कापले असते."

परीक्षक खो खो हसले. "मग तो एक माझ्याकडून," म्हणत त्यांनी सही ठोकली.

वृंदानं मान खाली घालून आभार मानले. अण्णा असते तर म्हणाले असते, वशिल्यानं पास झालीस.