श्रुतिकाच्या नावाचं कार्ड

"मॅडम, वार्षिक फी यंदा माफ होणार नाही. कार्ड चालू ठेवायचं की बंद करायचं?" फोनवर बँकेतली मुलगी पुन्हा विचारत होती.

मनोरमाबाईंनी फोनवर हात ठेवून नवऱ्याला फीचं सांगितलं. समोर झोपाळ्यावर बसलेल्या शांतारामरावांनी हात उडवला. "बंद करा म्हणून सांग. वर्षाला अडीच हजार कशाला घालायचे? आपण दोघं पेन्शनवाले. आपल्याला काय करायचंय ते कार्ड?"

काय करायचंय, ते दोघांनाही पक्कं माहीत होतं. मनोरमाबाईंच्या कार्डाला जोडून घेतलेलं दुसरं कार्ड त्यांच्या मुलीकडे, श्रुतिकाकडे होतं. ती कॉलेजात असताना त्यांनीच ते तिला काढून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने नविनशी लग्न केलं. जातीबाहेरचा मुलगा. शांतारामराव दारात उभे राहून म्हणाले होते, "पुन्हा या घराची पायरी चढायची नाही." ती चढली नाही. दोघं कुठे गेली कुणाला कळलं नाही. तिचा नंबर बंद झाला.

उरले ते फक्त बँकेचे मेसेज. तिने कार्ड वापरलं की मनोरमाबाईंचा फोन वाजायचा. तळासरीचं किराणा दुकान. अच्छाडचा ढाबा. दिवाळीच्या तोंडावर एक साडीचं दुकान. रक्कम लहानच असायची. मनोरमाबाई तो मेसेज पुन्हापुन्हा वाचायच्या. पोरगी जवळपासच आहे, खाते-पिते आहे, सणाला साडी घेते आहे. शोधायला जायची मात्र त्यांची छाती होत नव्हती. तिला कळलं आणि तिने कार्डही फेकून दिलं तर?

पुढे पुढे मेसेज बदलले. तळासरीच्या मेडिकलचे येऊ लागले. पुन्हा मेडिकल. पुन्हा मेडिकल. आणि एके दुपारी वापीच्या एका हॉस्पिटलचा मेसेज आला. त्यानंतर काहीच नाही. महिना उलटून गेला, फोन वाजला नाही. मनोरमाबाई आंघोळीलाही फोन आत घेऊन जाऊ लागल्या. गॅसवर दूध उतू जायचं आणि त्या फोनकडे बघत उभ्या असायच्या.

"मॅडम?"

"चालू ठेवा," मनोरमाबाई घाईघाईने म्हणाल्या. "फी घ्या. दोन्ही कार्डं चालू ठेवा."

शांतारामरावांचा चेहरा एकदम उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनोरमाबाई डहाणूहून तळासरीच्या एसटीत बसल्या. बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. बाळंतपणात काही झालं असेल का? हायवेवर अपघात? त्या नविनने हात उचलला असेल? तळासरीला उतरून त्यांनी मेसेजमधल्या मेडिकलचा पत्ता विचारला.

मेडिकल स्टँडपासून जवळच होतं. गल्ल्यावर दक्षाबेन नावाच्या मालकीणबाई होत्या. मनोरमाबाईंनी फोनमधला मेसेज त्यांच्यापुढे धरला. "माझी मुलगी या कार्डाने तुमच्याकडून औषधं घेते. श्रुतिका. कशाची औषधं घेते ती? कुठे राहते, माहीत आहे का तुम्हाला?"

दक्षाबेननी मेसेज वाचला. "श्रुतिका नाव तर त्या कार्डावर आहे, काकू. पण मुलगी कधीच नाय आली. एक काका येतात. डहाणूवरनं, गुरुवारी."

"काका?"

"हो ना. मुलीचं कार्ड आहे, तिनेच दिलंय, असं बोलतात. छातीच्या गोळ्या नेतात. मागच्या महिन्यात इथेच या पायरीवर बसले ते. घामाने सगळे भिजलेले. मीच रिक्षा करून वापीला पाठवलं त्यांना. तेव्हापासून आले नाय. बरे आहेत ना?"

मनोरमाबाईंनी फोनमधला एक फोटो काढून दाखवला. दक्षाबेननी चष्मा वर सरकवून पाहिला आणि मान हलवली.

"हेच."

दर गुरुवारी शांतारामराव झाईला जायला निघत. रेल्वेतला जुना मित्र आहे तिथे, म्हणत. गेला महिनाभर मात्र ते घरीच होते.

परतीच्या एसटीत मनोरमाबाईंना काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. घरी पोचल्या तेव्हा शांतारामराव अजून झोपाळ्यावरच होते. झोपाळा हलत नव्हता. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी मान खाली घातली.

"तळासरीला गेले होते," त्या म्हणाल्या.

"तिने कार्ड पहिल्याच महिन्यात कुरिअरने परत पाठवलं," शांतारामराव म्हणाले. "तू घरी नव्हतीस. माझ्याच हातात पडलं. तू तेव्हा जेवण टाकलं होतंस, मनोरमा. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. एकदा जाऊन किराणा घेतला. मेसेज आला आणि त्या रात्री तू भाकरी खाल्लीस."

"आणि श्रुतिका?"

"कुठे आहे, मलाही ठाऊक नाही."

मनोरमाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. मग जे पहिलं ओठांवर आलं तेच त्यांनी विचारलं.

"मग कार्ड बंद कर म्हणून माझ्या मागे का लागला होतात?"

शांतारामरावांनी मान वर केली. त्यांचे डोळे घाबरलेले होते.

"माझा काही भरवसा नाही आता. कार्ड चालू असताना उद्या मी गेलो असतो, तर मेसेज कायमचे थांबले असते. आणि तुला वाटलं असतं, आपली पोरगीही गेली."