धापमामाचा सहावा भाग

नीलिमाने सोड्याच्या टबातून अकरावं फुप्फुस बाहेर काढलं, चिमटा लावून दोरीवर वाळत घातलं आणि बाराव्याला हात घातला.

कंपनीच्या दवाखान्यातले जुने एक्स-रे कंपाउंडर किलोवर विकायचा. सोड्यात धुतले की काळं निघून जायचं आणि हातात आरपार दिसणारी कोरी फिल्म उरायची. तिच्यावर नीलिमा धापमामा रंगवायची.

धापमामा हा तिच्या नवऱ्याने, नंदकिशोरने, जन्माला घातलेला महाबली. साल एकोणऐंशीचं. मुंबईच्या टीव्ही केंद्राने मुलांसाठी हलत्या चित्रांचे दोन-दोन मिनिटांचे सहा भाग मागितले होते. दिवसभर कंपनीत गिअरचे नकाशे काढणारा नंदकिशोर संध्याकाळी दिघीच्या पत्र्याच्या शेडमध्ये धापमामा काढत बसे. मामा एक फुंकर मारी आणि गुंड, त्यांची जीप, शेजारचा उकिरडा असं सगळं उडून इंद्रायणीपलीकडे पडे. मग मामा मटकन खाली बसे आणि उरलेला भाग धापा टाकत काढी. गावातली पोरं त्याला सुपाने वारा घालत. बसलेल्या माणसाची दोनच चित्रं लागतात, छाती वर आणि छाती खाली. त्यामुळे नंदकिशोरला ही शक्ती फार सोयीची वाटली होती.

कॅमेऱ्याचा सांगाडा जहीरने जुन्या ड्रिल मशीनपासून बनवला होता. जहीर मोशीचा, गाड्यांचा मेकॅनिक, नंदकिशोरचा शाळेपासूनचा दोस्त. मामाच्या फुंकरीचा आणि धापेचा आवाजही त्याचाच. नंदकिशोरच्या फुंकरीने उदबत्ती विझायची सोडून आणखी पेटायची.

बारावा एक्स-रे नीलिमाने सवयीने उजेडाला धरला. कोपऱ्यात पांढऱ्या शाईने लिहिलं होतं: नंदकिशोर गद्रे, टोकन ४१७. हाच नंबर त्याच्या कंपनीच्या बिल्ल्यावर होता. तारीख जानेवारीची, म्हणजे कंपनीने त्याला कायम केलं तेव्हाची. डाव्या बाजूला लिंबाएवढा पांढरा गोळा होता.

तिने पदराला हात पुसले आणि चिंचवडची बस पकडली.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला लावला. "सहा महिन्यांपूर्वीचा? आणि कोणी बघितला नाही?"

"कंपनीत म्हणाले, फिट आहे."

"काढलाय चांगला," डॉक्टर म्हणाले. "पेशंट कुठंय?"

"कामावर. कुठे या म्हटलं की यायचे नाहीत."

"गाठ आहे. आता कापण्यासारखी राहिली नसणार. खाऊ-पिऊ घाला, आवडतं ते करू द्या. आणि त्यांना यातलं काही सांगू नका. कळलं की माणूस निम्मा तिथेच संपतो."

"किती दिवस?"

"दिवाळी बघतील."

त्या संध्याकाळी नंदकिशोर यायच्या आत तिने जहीरला शेडच्या मागे बोलावलं. "जहीरभाई, कोणाला सांगायचं नाही," म्हणून एक्स-रे त्याच्यापुढे धरला.

जहीरने पाना खाली ठेवला. नाव वाचलं. मग तारीख. मग बराच वेळ तो गोळ्याकडे बघत राहिला, इंजिनातला कुठला पार्ट गेलाय ते बघावं तसा.

"नंदूला दाखवलात, वहिनी?"

"पेशंटला कळता कामा नये म्हणालेत."

"बरोबर आहे." त्याने पाना उचलून पेटीत टाकला. "दुखेल का, काही म्हणाले?"

"ते नाही विचारलं."

"आणि दिवस?"

"दिवाळीपर्यंत."

जहीरने बोटांवर मोजलं. "सहावा भाग बसतो तेवढ्यात."

मग त्याने तिच्या हातातून एक्स-रे घेतला आणि टबात सोडला. "नंदूच्या हाती लागायला नको," म्हणाला. काळं सुटत गेलं. गोळा गेला, बरगड्या गेल्या, नाव गेलं. फिल्म फार स्वच्छ निघाली.

गद्र्यांच्या घरात पहिल्यांदाच अंडी शिजू लागली. जहीरची बायको नजमा ती पाठवायची. दोन महिन्यांत नंदकिशोरचं वजन पाच किलोंनी वाढलं. सूज असेल, असं वाटून नीलिमा मोरीत जाऊन रडून आली. दवाखान्याचा विषय काढला की तो म्हणे, "मला काय धाड भरलीय? सहावा भाग होऊ दे."

झिजत होता तो जहीर. त्याने गॅरेज मेहुण्याच्या ताब्यात दिलं आणि शेडमध्येच मुक्काम टाकला. गालफडं बसली, शर्ट खांद्यावरून ओघळू लागला.

"स्वतःकडेही बघा जरा, जहीरभाई."

"काम संपू दे, वहिनी. मग आरामच आहे."

असा दोस्त मिळायला नशीब लागतं, असं नीलिमाने नजमाला सांगितलंही. नजमा अंडी देऊन गेली.

दिवाळीला चार दिवस असताना सहाव्या भागाचा आवाज भरायला घेतला. शेडच्या कोपऱ्यात गोधड्या टांगल्या होत्या, त्यांच्या आड जहीर माईकपुढे बसला. जवळच्या लष्कराच्या मैदानातले गोळीबाराचे बार थांबले तशी त्याने फुंकर मारली. मग धाप सुरू झाली. दारात जमलेली आळीतली पोरं हसून एकमेकांच्या अंगावर लोळू लागली.

"काय धाप घेतोय बघ," नंदकिशोर उकडलेलं अंडं सोलत कुजबुजला. "चित्रं संपली, तरी गड्याची धाप संपेना."

नीलिमाचा बांध फुटला. नवऱ्याला दाराबाहेर ओढून तिने सगळं सांगून टाकलं. टोकन नंबर, गोळा, डॉक्टर, दिवाळी.

नंदकिशोर आधी हसला. "माझा एक्स-रे? अगं, जानेवारीत मला केवढा खोकला होता. मी गेलो असतो तर कायम केलं असतं का कोणी?"

आत धाप चालूच होती. पोरं हसतच होती. नंदकिशोर हळूहळू हसायचा थांबला आणि त्याने गोधड्यांकडे बघितलं.

"माझं टोकन घेऊन जहीर उभा राहिला होता."