राजाचा मोर

जेवणाची पितळी खण्णकन चुलीच्या दगडावर आपटली. शाळेतून आल्यापासून रूपा गप्प होती. आता तिनं पुढ्यातली भाकरीही लोटून दिली.

"काय झालं गं?" तिच्या आईनं, जिवनबाईनं विचारलं.

"कायी न्हाई. मी चोर निघाले, याडी."

जिवनबाईनं तवा उतरवला, लेकीचं मनगट धरलं आणि तांड्याची उतरण उतरून थेट गावातली शाळा गाठली. तांड्यावरून शाळेत जाणारी ही एकच पोर. आईला चोराची बायको म्हणतात, पोरीला तरी कुणी तसलं म्हणू नये, म्हणून धाडलेली. तिथंही तेच असेल तर घरी शेण्या थापलेल्या काय वाईट?

गुरुजी फळा पुसत होते.

"गुरुजी, माझ्या लेकीनं तुमचं काय चोरलं?"

"खेळ होता हो बाई तो," गुरुजी ओशाळले.

राजाच्या महालातून मोराचं चित्र चोरीला गेलंय, असा खेळ. पोरांनी डोळे मिटून बसायचं. गुरुजी ज्याच्या पाठीवर थाप देतील तो चोर. त्यानं चित्र लपवायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला हुडकायचं. खोटं बोलायची मुभा एकट्या चोराला.

"पोरांनी प्रश्नच विचारले नाहीत," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांनी हिच्याकडं बोटं केली. झडती घ्या म्हणाले."

"घेतली असंल तुमी."

"नाही. मी हिलाच विचारलं, तू घेतलंस का. वाटलं, ही नाही म्हणेल आणि त्यांची तोंडं बंद होतील. तर ही हो म्हणाली." गुरुजींनी खडूची बोटं धोतराला पुसली. "थाप मी पाटलाच्या लेकीला दिली होती. मोर तिच्या पाटीखाली होता."

जिवनबाईच्या तोंडात आलेली शिवी तिथंच अडकली. सगळा राग पोरीवर उलटला. तिनं रूपाचे दोन्ही दंड धरून गदागदा हलवलं.

"घेतलं न्हाई, तर व्हय काहून म्हणलीस? जीभ झडली होती का तुझी?"

"तूच म्हणली होतीस."

"मी? कवा?"

"पाटलाचा बैल हरवला तवा. शिपाई बापूला चावडीत मारून राहिले होते. बापू न्हाई न्हाई म्हणत होता. तू दारातून वरडलीस, व्हय म्हणा, एकदा व्हय म्हणून टाका. बापू व्हय म्हणला. मग थांबले."

बैल पुढं सेनगावच्या कोंडवाड्यात सापडला. नवऱ्याला, फुलसिंगला सोडताना ठाण्याचे अमीनसाहेब हसले होते. फुलसिंगचा उजवा हात अजून डोक्याच्या वर जात नाही. त्या दिवशी आपल्या खांद्यावर रूपा झोपलेली होती, असंच जिवनबाई आजवर धरून चालली होती.

तिची बोटं सैल झाली. पोरीच्या दंडावर वळ उठले होते. ती खाली बसली, पदरानं ते पुसत राहिली, जणू पुसून जाणार होते.

"पुढच्या बारीला न्हाई म्हणायचं," ती हळू म्हणाली. "घेतलं नसंल तर न्हाईच म्हणायचं. कोनीबी विचारू दे."

रूपानं मान डोलावली. मग थोडा विचार करून तिनं आईकडं पाहिलं.

"चावडीत बी, याडी?"