घुमीची पुरचुंडी

शिवणबाईंनी पुरचुंडी तळहातावर घेऊन दाबली, पण ती वाजली नाही.

नीट वाळलेल्या पाकळ्या दाबल्या की कुरकुरतात. सकाळपासून एकोणीस पुरचुंड्या त्यांनी दाबून, हुंगून बाजूला ठेवल्या होत्या. ही विसावी मऊ लागत होती. त्यांनी ती नाकाशी नेली. गुलाब नाही, मोगरा नाही, लवंगेचा झणकाही नाही. टाचलेल्या चिठ्ठीवर घुमीचा नंबर होता आणि खाली तिच्या बहिणीचा पत्ता.

बाई सहा वर्षं बायकांच्या तुरुंगात शिवण शिकवायला येत होत्या. या वेळी त्यांनी सुगंधी पुरचुंड्या करायला घेतल्या होत्या. आवारातल्या बागेतली फुलं तीन आठवडे व्हरांड्यात वर्तमानपत्रावर, सावलीत वाळवली. त्यात कुटलेली लवंग आणि संत्र्याची सुकी सालं मिसळली. मलमलीची तळहाताएवढी पिशवी शिवायची, भरायची, तोंड शिवून टाकायचं. प्रत्येकीला एक घरी पाठवायची मुभा होती. एकजण म्हणाली होती, मी नवऱ्याच्या कपाटात ठेवायला पाठवते, म्हणजे तिथं दुसरीची साडी लटकवताना तो दहादा विचार करेल. सगळ्याजणी पोट धरून हसल्या होत्या. घुमी तेवढी हसली नव्हती.

कुणाशी बोलत नाही म्हणून ती घुमी. पण फुलांत तिच्याइतका हात कुणाचा नव्हता. कुठली पाकळी तयार आहे, कुठलीला अजून दोन दिवस हवेत, हे ती नुसतं चिमटीत धरून सांगायची. तिच्या पुरचुंडीत ओली फुलं राहणं शक्यच नव्हतं.

बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तपासून वहीत सही करायची, ही जबाबदारी बाईंची होती. दोन वर्षांपूर्वी एकीनं उशीच्या अभ्र्यातून चिठ्ठी बाहेर धाडली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा सगळ्यांचाच वर्ग आठ महिने बंद पडला. त्यांनी कात्री घेऊन टाके उसवले.

आत कापडाची घडी होती. अंगावरच्या सदऱ्याचा, विरत आलेला तुकडा. त्यांनी तो उलटसुलट केला, उजेडात धरला. कुठं काही लिहिलेलं नव्हतं. कापड धुतलेलंही नव्हतं. त्यांनी घुमीला बोलावलं.

"यात फुलं कुठायत गं?"

घुमीनं घडीच्या कडा बोटानं सारख्या केल्या.

"फुलं तिच्या ओळखीची नाहीत, बाई," ती म्हणाली. "ती माझ्या काखेत तोंड खुपसून झोपायची."

मग बाईंना कळलं. घुमीची लेक आतच जन्मली होती. अख्ख्या बराकीनं, पहारेकरणींनीसुद्धा तिला खेळवलं होतं. पण ठरावीक वयानंतर मुलांना आत ठेवत नाहीत. गेल्या महिन्यात मावशी येऊन तिला घेऊन गेली. मावशीचं पत्र आलं होतं, घुमीनं ते बाईंकडूनच वाचून घेतलं होतं. पोर जेवते, खेळते, पण झोपत नाही. दिवे मालवले की उठते आणि एकेक पांघरूण हुंगत फिरते. आठ दिवस घुमीनं तो तुकडा आतून अंगाशी धरून ठेवला होता. तिनं हेही सांगितलं, आणि जन्मात एवढं बोलली नसल्यासारखी दमून खाली बसली.

नियमानं पुरचुंडी बाद होती. बाईंनी एकदा वहीकडे पाहिलं. मग सुईत दोरा ओवला, घडी होती तशी आत सारली आणि बारीक, दाट टाके घालून तोंड स्वतः शिवलं. वहीत वीस आकडा लिहून सही केली.

गोणीत टाकताना मात्र त्यांचा हात थांबला. टपाल सोमवारी जाणार. तीन दिवस एकोणीस पुरचुंड्यांच्या गर्दीत राहिली, तर लवंग हिचा सगळा वास गिळून टाकणार. त्यांनी आपला जेवणाचा डबा काढला. नळाखाली दोनदा विसळला, पदरानं कोरडा केला आणि पुरचुंडी त्यात ठेवली. मावशीचं घर त्यांच्या वाटेवरच होतं. असं हातोहात काही नेणं हा दुसरा गुन्हा, हे त्यांना ठाऊक होतं.

फाटकावर संध्याकाळची पहारेकरीण होती. साबणाच्या वडीतसुद्धा सुई खुपसून बघणारी. सख्खी बहीण आली तरी तिची पिशवी उलटी करेल, असं तिच्याबद्दल बोललं जाई. तिनं गोणी रिकामी केली, मोजली, वही पाहिली.

एक कमी भरते, ती म्हणाली.

बाईंनी सहा वर्षांत या फाटकावर एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. आताही जीभ वळेना. त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

पहारेकरणीनं झाकण काढलं. पुरचुंडी उचलली, दाबली. चिठ्ठीवरचा नंबर वाचला. मग ती नाकाशी धरली. बाईंच्या डोळ्यांसमोर कुलूप लागलेला वर्ग उभा राहिला. काय सांगायचं ते त्या मनात जुळवू लागल्या, पण तिनं काही विचारलंच नाही. तिनं पुरचुंडी अलगद परत डब्यात ठेवली आणि वहीत वीसच्या आकड्यासमोर बरोबरची खूण केली.

"झाकण घट्ट लावा, बाई," ती म्हणाली. "वास उडून जाईल."