एका मापाचे चाळीस कोट

"सरासरी पगार महिना अठ्ठेचाळीस हजार," टेबलापलीकडच्या टायवाल्याने तिसऱ्यांदा सांगितलं आणि माहितीपत्रकातल्या त्या आकड्यावर पेनाने टकटक केली.

"ते कळलं. कोणाची सरासरी?" टेलरमास्तरांनीही तिसऱ्यांदा विचारलं.

प्रवेश कार्यालयातल्या त्या टेबलाशी बापलेक तासभर अडून बसले होते. मुलीला व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीला जागा मिळाली होती. तीन वाजेपर्यंत कागद भरले नाहीत, तर ती पुढच्या नंबराला जाणार होती. कर्जाच्या अर्जावर मुलीची सही झाली होती, जामीनदार म्हणून मास्तरांची व्हायची होती. तारण काय, तर त्यांचं शिवणकामाचं दुकान. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजून गेले होते.

"बाबा, बाकीचे सगळे मुकाट सही करून गेले," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"त्यांना त्यांची दुकानं नकोशी झाली असतील."

टायवाला हसला. त्याचं हसणं मास्तरांना मुळीच आवडलं नाही. त्याचा कोटही आल्याआल्याच खटकला होता. तयार घेतलेला, खांद्यावरून उतरणारा.

"काका, हे मॅनेजमेंट आहे. इथला एक विद्यार्थी आज महिन्याला चार लाख कमावतो."

"मग हप्ता त्यालाच भरायला सांगा."

मुलीने कपाळाला हात लावला. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली होती. इतकं साधं विचारतोय आणि हा गडी माहितीपत्रक सोडायला तयार नाही.

"हे बघा," ते म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी मला चाळीस वॉचमनच्या कोटांचं काम मिळालं. एवढं मोठं काम परत कधी आलं नाही. मापांची यादी हातात होती. पण प्रत्येक कोट वेगळा कापायचा म्हणजे आठवडा जाणार. मी शहाणा. सगळ्या मापांची सरासरी काढली, कापडाचे थर एकावर एक टाकले आणि चाळीसच्या चाळीस एका दमात कापले. गणितात चूक नव्हती हां. कोट किती जणांना बसला असेल?"

टायवाल्याने खांदे उडवले.

"तिघांना. सदतीस माझ्या तोंडावर मारले. तेव्हा सरासरी मला सांगू नका. यादी दाखवा."

"यादी द्यायची पद्धत नाही, काका."

"मग सही करायची माझीही पद्धत नाही."

टायवाल्याने आतल्या केबिनकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि नावं वगळून गेल्या वर्षीच्या मुलांची यादी छापून आणली. मास्तरांनी खिशातली मापाची वही उघडली, कानामागची पेन्सिल काढली आणि मुलीला एकेक पगार मोठ्याने वाचायला लावला. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी मुद्दाम खाकरलं. मुलीचे कान लाल झाले, पण ती वाचत राहिली. पहिले सहा आकडे डोळे दिपवणारे होते. अठ्ठेचाळीस हजारांच्या वर ते सहाच. सातव्यापासून जी घसरगुंडी लागली ती साठाव्यापर्यंत थांबली नाही. त्याखाली नऊ ओळींत नुसत्या रेघा होत्या.

"ह्या रेघा कसल्या?"

"ते अजून नोकरी शोधतायत."

"सरासरीत धरलेत?" हे मुलीने विचारलं.

"नाही."

सकाळपासून बापावर धुमसणारी मुलगी आता टायवाल्याकडे रोखून बघू लागली.

एकोणसत्तर जणांतला मधला, म्हणजे पस्तिसावा, मास्तरांनी पेन्सिलीच्या टोकाने मोजून काढला. पगार तीस हजार. हप्ता पंधरा हजार, नऊ वर्षं.

"तू पहिल्या सहांत असशील का?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोटच्या पोरीला कोणी असं विचारतं का? पण दुकानही एकच होतं.

मुलीने यादी वरून खाली पाहिली.

"माहीत नाही, बाबा. पस्तिसावी धरा."

"म्हणजे निम्मा पगार हप्त्यात. त्या कोटांना आतून दोन बोटं जादा कापड ठेवलं होतं, म्हणून ते सैल करता आले आणि मी वाचलो. ह्यात जादा कापड कुठाय?"

"मी घरीच राहीन. भाडं नाही, डबा आईचा. हे जादा कापड."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

मास्तर वैतागले. तिने काहीतरी वेडंवाकडं उत्तर दिलं असतं तर उठून जाता आलं असतं. घड्याळात तीनला दहा मिनिटं कमी होती.

"आणि नाहीच बसलं तर? उसवायला मी बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"मागच्या वेळी कोण बसलं होतं?"

सदतीस कोट. शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवर बसून ब्लेडने एकेक टाका सोडवणारी आठ वर्षांची पोर. पुरता दीड महिना.

त्यांनी टायवाल्यापुढे हात केला. "पेन द्या."

मुलीने अर्ज त्यांच्याकडे सरकवला आणि कागद हलू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरला. अंगठ्यावरचा ब्लेडचा जुना पांढरा व्रण जामीनदाराच्या रिकाम्या चौकटीवर आला होता.

"अंगठा काढ तिथून," मास्तर खेकसले.