कॅसेटमधला मोर

टीव्हीच्या पडद्यावर लाल पट्टा आणि हिरवा पट्टा शेजारी शेजारी होते, आणि दोन्ही राखाडी दिसत होते. हिरवा केसभर उजळ. देवकीने डोळे बारीक करून पुन्हा पाहिले. तेवढाच फरक होता.

म्हणून रंगीत पडदा हवा, असे तिने भैयाजींना सांगितले. कॉलेजातून आल्यावर रोज बसून तिने टीव्हीला जोडलेल्या या कॉम्प्युटरवर साडीचा काठ काढला होता, मोर आणि वेलीचा, आणि तो कॅसेटवर साठवला होता. आज तो पडद्यावरून आलेखाच्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि उद्या खाप्याच्या विणकराला दाखवायचा. पसंत पडला, तर तिचा पहिला काठ मागावर चढणार होता.

तिच्या नवऱ्याला, ताराचंदला, मेमरी वाढवून हवी होती. त्याचा विमानाचा नवा खेळ या यंत्राच्या पोटात मावत नव्हता. मात्र तो खेळाचे नाव न काढता, वाढलेली मेमरी देवकीच्या मोठ्या नक्षीला कशी उपयोगी पडेल तेच सांगत होता. शेवटी दोघेही "तू म्हणशील ते" म्हणत आणि तोंड पाडून बसत. कॅसेटऐवजी डिस्क चालवणारी पेटीही मिळते, असे भैयाजी एकदा म्हणाले होते. कॅसेट चालते आहे की, म्हणून दोघांनी ते उडवून लावले होते. पैसे एकाच वस्तूपुरते होते.

भैयाजी ताराचंदच्या ऑफिसातले. बॅग घेऊनच आले होते; संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघायचे होते, आणि ठरेल ती वस्तू तिथून आणायची होती.

"काहून गा ताराचंद," ते म्हणाले, "दिवाळीपासून आयकून राहिलो. होळी झाली. आता काय मुंबईले तार करून सांगसाल?"

मग त्यांनीच सुचवले, आधी काठ तर दाखवा. देवकीने टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. एरवी पडद्यावर रेघा नाचू लागत. आज काहीच नाचले नाही. तिने थोडे थांबून टेपरेकॉर्डरची कॉम्प्युटरला जोडलेली वायर काढली. साठवलेल्या नक्षीची नेहमीची किर्रकिर्र ऐकू येईल असे वाटले होते. ऐकू आले ते टाळ, आणि त्यावर सासूबाईंचा खणखणीत आवाज.

कुसुमताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. स्वतःचा आवाज ऐकून दारातच थांबल्या.

"आई, ही कॅसेट..."

"खराब झाली होती वं ते," कुसुमताई म्हणाल्या. "लावून पाहिली, तं नुसती चिरकून राहिली होती. म्हटलं, फेकण्यापरीस मंडळाचं भजन भरू."

ताराचंदने घाईघाईने कॅसेट उलटी केली. त्या बाजूला त्याचे जुने खेळ होते.

"तिकडं आरत्या आहेत," कुसुमताई म्हणाल्या. "सगळ्या आल्या. जागा बराबर पुरली."

ताराचंद मटकन खाटेवर बसला. भैयाजींनी हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला, तर तो रिकामाच होता. ते पाहून आधी देवकीच हसली आणि मग तिला थांबता येईना.

हसू ओसरल्यावर तिने आलेखाचा कागद पुढे ओढला. मोराची चोच आठवत होती. चोचीखाली मान, मानेखाली पहिले पीस. एकेक चौकोन भरत गेला आणि हात अडला नाही. ताराचंदने न सांगता लाल आणि हिरव्या पेन्सिलींना टोक काढून दिले.

कुसुमताईंनी कॅसेट पुन्हा उलटी करून भजन लावले. त्या आपल्याच आवाजाबरोबर गुणगुणू लागल्या. मधेच थांबून त्यांनी विचारले, "आता हे पुसून टाकसाल का वं?"

भैयाजी बॅग उचलून दारात उभे होते.

"भैयाजी," कागदावरून मान न उचलता देवकी म्हणाली, "डिस्कची पेटी आणा. कॅसेट आईंची."